जिवंत खडे : लिथॉप्स वनस्पती, त्यांची नावे आणि त्यांचे संग्राहक

१. माळावरील खडा

१८११ च्या सप्टेंबर महिन्यात विल्यम जॉन बर्चेल हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ बैल जुंपलेल्या गाड्यांतून दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागात प्रवास करीत होता. ऑरेंज नदीच्या दक्षिणेस, आज जेथे प्रीस्का हे गाव आहे त्या परिसरातील दगडाळ जमिनीवर त्याला एक चमत्कारिक आकाराचा खडा दिसला. तो त्याने उचलला, तेव्हा हा खडा नसून एक वाढती वनस्पती आहे, हे त्याच्या ध्यानात आले. रंगाने व रूपाने ती भोवतालच्या दगडांशी इतकी मिळतीजुळती होती की, हाती आली नसती तर ती वनस्पती आहे हे कळण्यास दुसरा मार्ग नव्हता. बर्चेलने पुढे १८२२ व १८२४ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवृत्तात ही हकीकत नोंदविली आणि तिचा अर्थही लावून पाहिला. रखरखीत प्रदेशातील ही एवढीशी रसरशीत वनस्पती गुरांच्या व रानटी जनावरांच्या नजरेस पडू नये, एवढ्यासाठीच तिला दगडाचे रूप लाभले असावे, असे त्याचे अनुमान होते. डार्विनचा ‘जातींचा उगम’ हा ग्रंथ प्रसिद्ध होण्यास त्या वेळी पस्तीसहून अधिक वर्षांचा अवकाश होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या अनुमानाचे मोल कळून येते.

बर्चेलच्या या लहानशा अनुभवात प्रस्तुत विषयाची दोन्ही अंगे आलेली आहेत. वनस्पतीची सुरक्षितता ती ओळखली न जाण्यात आहे. माणसाचा आनंद तिला ओळखण्यात आहे. दगडांतून वनस्पती निराळी काढणे, एका वनस्पतीतून दुसरी निराळी काढणे, प्रत्येकीस नाव देणे आणि त्या नावाला स्थळ जोडणे, हा गेल्या दोनशे वर्षांतील या वनस्पतींच्या अभ्यासाचा आणि संग्रहाचाही क्रम आहे. हा क्रम वनस्पतीला तारक ठरला की मारक, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

२. दोन पानांचा देह

या वनस्पतींच्या प्रजातीस लिथॉप्स म्हणतात. तिच्यात सुमारे चाळीस जाती मोडतात व त्यांचा नैसर्गिक विस्तार मुख्यतः दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया या दोन देशांत आहे; बोट्स्वानाचा थोडासा भाग त्यात येतो. अन्यत्र कोठेही ती आपोआप उगवत नाही.

लिथॉप्सच्या एका देहात पाने दोनच. ती इतकी जाड आणि एकमेकांस इतकी जुळलेली असतात की, दोहोंचा मिळून भोवऱ्यासारखा एक गोळा होतो. त्यांचे वेगळेपण माथ्यावरील आडव्या खाचेवरून काय ते कळते. गोळ्याचा निमुळता भाग जमिनीत असतो. सपाट माथा तेवढा वर दिसतो आणि त्याचा व्यास बहुधा दोन-तीन सेंटिमीटरांच्या आसपास असतो. खोड जवळजवळ नाहीच. कडक अवर्षणात हा गोळा आकसून मातीत आणखी खाली बसतो आणि त्याच्या माथ्यावर धूळ साचते. त्या वेळी जाणत्या माणसालाही तो सापडत नाही.

या आकाराचे पहिले कारण पाण्याची टंचाई हे होय. ज्या देहाचा पृष्ठभाग कमी त्याचे बाष्पीभवन कमी. शिवाय ही वनस्पती आपली त्वग्रंध्रे दिवसाच्या तापात मिटून ठेवते, रात्रीच्या गारव्यात उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड घेते, तो आम्लरूपाने साठविते आणि दिवसा सूर्यप्रकाशात त्याचा उपयोग करते. तथापि जमिनीत पुरलेल्या पानाला सूर्यप्रकाश मिळावा कसा, ही अडचण उरतेच. ती माथ्यावरील ‘खिडक्यां’नी दूर केली आहे. माथ्याच्या त्वचेचे काही भाग अर्धपारदर्शक असतात. तेथे हरितद्रव्य नसते. त्यांतून आत शिरलेला प्रकाश पाण्याने भरलेल्या पेशींतून गाळला जाऊन खाली उतरतो आणि पानाच्या आतल्या बाजूस अस्तरासारख्या पसरलेल्या हिरव्या थरावर पडतो. म्हणजे इतर झाडे जो हिरवा रंग बाहेर मिरवितात तो येथे आत, जमिनीच्या पातळीखाली दडलेला असतो. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठातील संशोधकांनी लिथॉप्स ऑकॅम्पिए या जातीवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच पानाचा वरचा भाग प्रखर उन्हाशी आणि जमिनीखालचा भाग गडद सावलीशी जुळवून घेतो, असे त्यात दिसून आले. रानातील उंच वृक्षाचा शेंडा आणि त्याच्या तळाशी वाढणारे नेचे यांच्यात जो भेद, तो येथे दोन बोटांच्या अंतरात सामावला आहे.

आकार अवर्षणाने घडविला. रंग मात्र भोवतालच्या खडकाने. तांबूस खडकावरील जाती तांबूस-तपकिरी, पांढऱ्या गारगोटीतील जाती राखी किंवा फिकट. माथ्यावर खिडक्यांच्या मधून अपारदर्शक ठिपके व रेषा पसरलेल्या असतात. या नक्षीचे वर्णन करण्यासाठी अभ्यासकांनी भूगोलाची परिभाषा उसनी घेतली असून ते खिडकीतील ठिपक्याला ‘बेट’ आणि कडेपासून आत शिरलेल्या भागाला ‘द्वीपकल्प’ म्हणतात. एका नखाएवढ्या माथ्याचा हा नकाशा दोन रोपांत सहसा एकसारखा नसतो.

वर्षातून एकदा, त्या प्रदेशातील शरद ऋतूत, खाचेतून एक फूल वर येते. ते पिवळे किंवा पांढरे असते; दुपारी उमलते, संध्याकाळी मिटते आणि असे काही दिवस टिकते. पुष्कळदा ते खालच्या देहाहून मोठे असते. एकाच रोपाच्या परागाने बी धरत नाही. त्यासाठी दुसरे रोप लागते. फलाची रचनाही लक्षणीय आहे. वाळलेले बोंड उन्हात घट्ट मिटून राहते आणि पाणी पडले म्हणजेच उघडते. पावसाचे थेंबच त्यातील बारीक बी आजूबाजूस उडवितात. रुजण्यास ओल आहे याची खात्री झाल्यावाचून बी घराबाहेर पडत नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

फुलानंतर आतल्या आत पानांची नवी जोडी तयार होते आणि जुन्या जोडीतील पाणी व अन्न हळूहळू शोषून घेते. शेवटी जुन्या पानांचे कागदासारखे पातळ टरफल उरते व त्यातून नवा देह बाहेर येतो. गीतेत देहान्तराला जीर्ण वस्त्राची उपमा दिली आहे. येथे जीर्ण वस्त्र नुसते टाकले जात नाही, त्यातील सूतही नव्या वस्त्रासाठी उकलून घेतले जाते.

३. नावांची कुळकथा

बर्चेलच्या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन एड्रियन हार्डी हॉवर्थ याने १८२१ मध्ये ‘मेसेंब्रिआन्थेमम टर्बिनिफॉर्मे’ या नावाने प्रसिद्ध केले. ‘टर्बो’ म्हणजे भोवरा. या देहाकडे पाहून मराठी माणसाच्या मनात जी उपमा येते तीच लॅटिनमध्येही आली. पहिल्या पदाची हकीकत अधिक मनोरंजक आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस याकोप ब्रेने याने ते ग्रीक भाषेतील ‘मध्यान्ह’ आणि ‘फूल’ या अर्थाच्या शब्दांवरून बनविले, कारण त्याला माहीत असलेली या वर्गातील फुले दुपारी उमलणारी होती. पुढे रात्री उमलणाऱ्या जाती हाती आल्या आणि नाव खोटे पडले. तेव्हा अठराव्या शतकात डिलेनियस याने नाव न बदलता त्यातील एक स्वर बदलला, आणि ‘मध्यान्ह’ जाऊन त्या जागी ‘मध्यभागी गर्भ असलेले’ असा अर्थ आला. व्युत्पत्ती सांभाळण्यासाठी वर्ण बदलण्याचे असे उदाहरण क्वचितच आढळेल.

या अफाट वर्गातून दगडासारख्या जातींचा एक गट वेगळा काढून त्यास स्वतंत्र नाव देण्याचे काम लंडनजवळच्या क्यू येथील निकोलस एडवर्ड ब्राऊन याने १९२२ मध्ये केले. ग्रीक ‘लिथोस’ म्हणजे दगड आणि ‘ऑप्स’ म्हणजे मुख अथवा रूप. ‘दगडासारखे रूप असलेली’ ती लिथॉप्स. येथे शेवटचा ‘स’ शब्दाच्या अंगचा आहे, तो अनेकवचनाचा प्रत्यय नव्हे. परंतु इंग्रजी बोलणारे हौशी लोक त्यास अनेकवचन समजतात आणि एका रोपाला ‘लिथॉप’ म्हणतात. वाटाण्याला पूर्वी इंग्रजीत ‘पीज’ असे एकवचनी नाव होते. त्यातील शेवटचा वर्ण अनेकवचनाचा समजला गेल्याने ‘पी’ हे नवे एकवचन जन्मास आले. ‘लिथॉप’ हे त्याच जातीचे अपत्य होय. मराठीत ‘लिथॉप्स’ हे रूप दोन्ही वचनांत तसेच ठेवणे सोयीचे आहे.

जातिवाचक पदांत लॅटिनच्या षष्ठी विभक्तीने एक इतिहासच जपून ठेवला आहे. ‘लेस्लीआय’ म्हणजे लेस्ली नावाच्या पुरुषाची. ‘ऑकॅम्पिए’ म्हणजे ऑकॅम्प आडनावाच्या स्त्रीची. १९२९ मध्ये ज्वानिटा ऑकॅम्प या तरुणीला ही जाती पोस्टमासबर्ग भागात आपल्या वडिलांच्या शेतजमिनीवर आढळली व १९३२ मध्ये केपटाऊनच्या लुइसा बोलस यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले. ‘रुशिओरुम’ म्हणजे रुश मंडळींची. येथे षष्ठीचे अनेकवचन आहे. मराठी षष्ठीतील ‘चा-ची-चे’ हा प्रत्यय मालकीच्या वस्तूचे लिंग व वचन दाखवितो. लॅटिन षष्ठी मालकाचे लिंग व वचन सांगते. त्यामुळे लॅटिन नावाच्या शेपटीवरूनच ती जाती एका पुरुषाच्या स्मरणार्थ आहे, एका स्त्रीच्या, की एका कुटुंबाच्या, हे कळू शकते. काही नावांत स्थळ आहे : ‘कारासमोंटाना’ ही कारास डोंगरातील, ‘सालिकोला’ ही खाऱ्या जमिनीत राहणारी. एका नावात तर चूकच अमर झाली आहे : ‘स्यूडोट्रंकाटेला’ म्हणजे ‘खोटी ट्रंकाटेला’, आधी नाव मिळालेल्या दुसऱ्याच एका वनस्पतीशी तिची गल्लत झाली होती, त्याची ही खूण.

शास्त्रज्ञांच्या आधी त्या भूमीत राहणाऱ्यांनी या वनस्पती पाहिल्या नव्हत्या, असे मात्र समजू नये. आफ्रिकान्स भाषेत त्यांना ‘बीसक्लौकी’ म्हणतात, म्हणजे गुराचा इवलासा खूर. मधोमध फट असलेला माथा पाहिला म्हणजे हे नाव किती अचूक आहे ते पटते. ग्रीक नावात दगड आहे, गुराख्याच्या नावात खूर आहे. ज्याच्या नित्य दृष्टीस जे पडते तेच त्याच्या उपमेत उतरते.

मराठीत या वनस्पतींना रूढ नाव नाही, आणि सुचणारी नावे आधीच दुसऱ्यांनी अडविलेली आहेत. ‘दगडफूल’ हे खडकावर वाढणाऱ्या आणि गोड्या मसाल्यात पडणाऱ्या शैवाकाचे नाव आहे. ‘पाषाणभेद’ ही आयुर्वेदात मूतखड्यावर सांगितलेली औषधी आहे. ज्याला दगडफूल म्हणतात त्याला फूल येत नाही, आणि ज्या खड्याला खरोखर फूल येते त्याला ते नाव देता येत नाही, अशी ही गंमत आहे. तेव्हा ‘जिवंत खडे’ हा साधा शब्दप्रयोग त्यातल्या त्यात बरा.

४. एका भाषाशास्त्रज्ञाची क्रमांकयादी

पहिल्या पिढीतील अभ्यासकांनी उत्साहाच्या भरात नावांची खैरात केली. युरोपातील काचघरांत आलेली चारदोन रोपे निराळी दिसली की नवी जाती जाहीर होई. ज्या माळावरून ती आली तेथे त्या दोन रूपांच्या मधली दहा रूपे शेजारी शेजारी नांदत आहेत, याची वर्णन करणाऱ्यास कल्पना नसे. १९४६ मध्ये स्टेलनबोश येथील प्रा. नेल यांचा लिथॉप्सवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, तरी जातीची सीमा कोठे आखावयाची हा प्रश्न सुटला नव्हता.

तो बऱ्याच अंशी मार्गी लावणारा माणूस व्यवसायाने वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. डेझमंड कोल हे जोहान्सबर्गच्या विटवाटर्सरँड विद्यापीठात आफ्रिकी भाषांचे प्राध्यापक होते. त्यांचे त्स्वाना भाषेचे व्याकरण १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या भाषेत नामांचे वर्ग उपसर्गांनी दाखविले जातात : मोत्स्वाना म्हणजे त्या समाजातील एक व्यक्ती, बात्स्वाना म्हणजे अनेक व्यक्ती, सेत्स्वाना म्हणजे त्यांची भाषा आणि बोत्स्वाना म्हणजे त्यांचा देश. एकाच मूळ शब्दाला वर्ग बदलताच नवा अर्थ येतो. अशा भाषेचे वर्णन करणाऱ्यास वर्गीकरण म्हणजे केवळ खणांत वस्तू भरणे नव्हे, हे सांगावे लागत नाही.

प्रा. कोल व त्यांच्या पत्नी नॉरीन यांनी अनेक वर्षे लिथॉप्सच्या प्रदेशात भ्रमंती केली. लिथॉप्सच्या स्थानिक वसाहतींस त्यांनी स्वतंत्र क्रमांक दिले. असे सुमारे चारशे क्रमांक झाले. जगभरच्या संग्राहकांत ते ‘कोल क्रमांक’ म्हणून प्रमाण मानले जातात. प्रा. कोल यांचा ‘लिथॉप्स : फ्लॉवरिंग स्टोन्स’ हा ग्रंथ १९८८ मध्ये निघाला आणि त्याची वाढविलेली आवृत्ती पतिपत्नींच्या संयुक्त नावाने २००५ मध्ये. ‘नॉरीनिए’ या जातीच्या नावातील स्त्रीलिंगी षष्ठी नॉरीन कोल यांची आहे. पुढे १९९४ मध्ये इतर अभ्यासकांनी एका नव्या जातीस ‘कोलिओरुम’ असे नाव दिले. त्यातील अनेकवचन अर्थपूर्ण आहे. ती जाती कोल यांची नव्हे, कोल दांपत्याची आहे.

या पद्धतीतील मर्म असे की, तिचा घटक एकटे रोप हा नसून एका ठिकाणची संपूर्ण वसाहत हा आहे. भाषेच्या अभ्यासात एकट्या माणसाच्या लकबीवरून कोणी बोली ठरवीत नाही. एका गावच्या बोलण्यात जे वैविध्य सहज खपते ते सर्व मिळून त्या गावची बोली होते. तसेच येथे आहे. एका वसाहतीत जेवढा फरक आपोआप आढळतो तेवढा फरक म्हणजे भिन्न जातीचा पुरावा नव्हे, हे ध्यानात येताच पूर्वीच्या कित्येक ‘जाती’ उपजाती किंवा प्रकार ठरल्या. उदाहरणार्थ, सी ३६ हा क्रमांक लेस्लीआय जातीच्या वॉरेंटन गावाच्या बाजूकडील एका वसाहतीचा आहे. ही जाती तपकिरी अंगाची व पिवळ्या फुलाची. त्याच वसाहतीत पिवळसर-हिरव्या अंगाची व पांढऱ्या फुलाची रोपे आढळली. त्यांना नवी जाती न म्हणता सी ३६अ असा पोटक्रमांक देण्यात आला. ‘अ’ या एका अक्षरात त्यांचे वेगळेपण आणि त्यांचे कुळ ही दोन्ही सांभाळली गेली.

५. संग्राहकास काय हवे असते

जर्मनी, इंग्लंड, जपान, अमेरिका इत्यादी देशांत या वनस्पतींचे हौशी संग्राहक दीर्घकाळ आहेत. त्यांच्या ओढीची बाह्य कारणे उघड आहेत. शंभर रोपे खिडकीतल्या एका फळीवर मावतात. प्रत्येकाचा नकाशा निराळा असतो. रोप बियापासून फुलावर येण्यास तीनचार वर्षे लागतात आणि नीट जपले तर ते दशकानुदशके सोबत करते.

याहून खोल असे एक आकर्षण या वनस्पतीच्या शिस्तीत आहे. नवी पाने जुन्यांना शोषून घेत असतात त्या काळात तिला पाणी देऊ नये, हा पहिला नियम. दिले तर जुनी पाने वाळत नाहीत, नवी कोंडली जातात आणि देह बेढब होतो. फारच दिले तर तो फुटतो अथवा कुजतो. इतर झाडे माळ्याच्या हयगयीने मरतात. ही बहुधा त्याच्या अतिमायेने मरते. तिच्याजवळ राहावयाचे तर न देण्याची आणि वाट पाहण्याची सवय अंगी बाणवावी लागते. ज्यांना ती बाणवता येते त्यांना शरद ऋतूत खड्यातून उमललेले फूल पाहताना आपल्या संयमाचेच फळ पाहिल्यासारखे वाटते.

तिसरे आकर्षण नामपट्टीचे. क्रमांकासह जपलेले रोप आणि क्रमांक हरवलेले रोप दिसण्यात सारखेच असले, तरी खऱ्या संग्राहकाच्या लेखी ती एक नव्हेत. कोणी, कोठे व केव्हा उच्चारला हे ठाऊक नसलेला शब्द जसा शब्दसंग्राहकाच्या पोथीत अर्धाच राहतो, तसे क्रमांकाविना रोप अर्धे राहते. नामपट्टीमुळे खिडकीतल्या कुंडीचे नाते दूरच्या एका माळाशी जोडलेले असते. हौस आणि ज्ञान यांची येथे गाठ पडते. आणि संकटाचा उगमही येथेच आहे.

६. पत्ता : तारक की मारक?

जी वनस्पती केवळ न दिसण्यामुळे टिकून राहिली, तिचे सर्वांत मोठे रहस्य म्हणजे तिचे ठिकाण. ते छापले गेले की तिचा दगडी वेष निरुपयोगी होतो. प्रसिद्ध कोल यादीत स्थळाचा उल्लेख अमुक गावापासून अमुक दिशेस अमुक किलोमीटर अशा स्वरूपाचा असतो. अभ्यासकास प्रदेश कळावा, पण उपटणाऱ्यास जागा सापडू नये, एवढेच त्याचे माप आहे. एका जातीच्या बाबतीत तर नावच कुलूप झाले. प्रा. कोल यांनी २००० मध्ये वर्णन केलेली ‘हर्मेटिका’, म्हणजे घट्ट बंद केलेली, ही जाती नामिबियाच्या नैर्ऋत्येस हिऱ्यांच्या खाणींसाठी १९०८ पासून सामान्य माणसास बंद ठेवलेल्या प्रदेशातील आहे. २००८ मध्ये तो प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. हिऱ्यांच्या लोभाने घातलेल्या कुंपणाने या खड्यांचे नकळत रक्षण केले.

असे कुंपण सर्वांच्या नशिबी नसते. लिथॉप्सची भावंडे म्हणावीत अशी कोनोफायटम ही प्रजाती दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य भागात, हिवाळी पावसाच्या प्रदेशात, खडकांच्या भेगांत आणि पांढऱ्या गारगोट्यांच्या पठारांवर वाढते. तिच्या जाती शंभराहून अधिक आहेत आणि त्यांपैकी कित्येकींचे सारे जग म्हणजे एखादी टेकडी असते. २०१९ पासून या वनस्पतींची चोरटी उपटणी विलक्षण वाढली. आंतरजालावरील खरेदीविक्रीमुळे पूर्व आशिया, युरोप व अमेरिका येथील गिऱ्हाईक आणि नामाक्वालँडमधील टेकडी यांमधील अंतर नाहीसे झाले. खाणी बंद पडल्याने आणि अवर्षणाने गांजलेल्या त्या भागातील गरीब माणसे थोड्याशा पैशासाठी रोपे खणून देऊ लागली; मोठा नफा दूरच्या मध्यस्थांच्या हाती गेला. २०१९ ते मे २०२४ या काळात दक्षिण आफ्रिकेच्या अधिकाऱ्यांनी जप्त केलेल्या रसाळ वनस्पतींची संख्या ११ लाखांहून अधिक असून त्या सुमारे ६५० जातींच्या होत्या. न पकडता निसटलेल्या मालाची गणती या आकड्यात नाही. २०२२ मध्ये या चोरट्या व्यापाराविरुद्ध त्या देशाने राष्ट्रीय स्वरूपाची योजना आखली.

जप्त झालेल्या रोपांचे पुढे काय होते, हे पाहणे उद्‌बोधक आहे. ती वनस्पती-उद्यानांत आणून जगविण्याचा प्रयत्न होतो. पण त्यांना माळावर परत नेऊन लावता येत नाही. चोराने त्यांची नोंद ठेवलेली नसते. कोणती रोपे कोणत्या टेकडीवरची, हे सांगणारा कोणी उरत नाही. भलत्याच ठिकाणी लावली तर तेथील वसाहतीत परकी वंशरेषा मिसळण्याचे आणि रोग पसरण्याचे भय असते. म्हणून ती जिवंत असूनही परागंदा राहतात. ज्या पत्त्यामुळे वनस्पती लुटली जाते, त्याच पत्त्याच्या अभावी तिला घरी परतता येत नाही. स्थळाची नोंद वाईट नव्हे. ती कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न आहे. अलीकडे नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध करताना अचूक ठिकाण छापावयाचे नाही, ते वनस्पतिसंग्रहालयाच्या दप्तरी जपून ठेवावयाचे, अशी प्रथा पडू लागली आहे, ती याच अनुभवातून.

रानातून उपटलेल्या रोपाची वस्तुतः संग्राहकास गरजही नसते. लिथॉप्सचे बी सहज रुजते. दोन रोपांच्या संयोगाने धरलेल्या एका बोंडात पुष्कळ बी असते आणि कोरडे ठेवले तर ते वर्षानुवर्षे टिकते. ल्यूडरिट्झच्या बाजूच्या ऑप्टिका जातीतील तांबड्या अंगाचा प्रकार रानात अत्यंत विरळ आहे. तरी बियांपासून वाढविलेली त्याची रोपे जगभरच्या हौशी माणसांच्या खिडक्यांत विपुल आहेत. सी ३६अ च्या रोपांचीही तीच कथा. एका माळावरचे मूठभर बी आणि त्यासोबत निष्ठेने चालत आलेला एक क्रमांक, एवढ्या भांडवलावर हजारो लोकांची हौस भागू शकते आणि माळाला धक्काही लागत नाही. रानातले रोप अनेक वर्षांच्या उन्हाने रापलेले, ओबडधोबड असते, म्हणून त्याला अधिक किंमत देणारे गिऱ्हाईक असते, हे खरे. पण त्या रापलेपणाचा अर्थ त्या माळावरच आहे. कुंडीत आल्यावर तो एकदोन वर्षांत, जुन्या पानांबरोबरच, गळून जातो.

बर्चेलने माळावरचा खडा उचलला आणि तो वनस्पती आहे हे जगाला सांगितले. त्यामुळे ज्ञानात भर पडली, यात संशय नाही. परंतु तो क्षण त्या वनस्पतीच्या दृष्टीने पाहिला तर तिचा वेष प्रथमच उघडा पडल्याचा तो क्षण आहे. माणसाने तिला ओळखले, नावे दिली, क्रमांक लावले. ते आता परत घेता येणार नाही. करता येण्याजोगे आहे ते इतकेच की, नाव सर्वांना द्यावे, बी मागेल त्याला द्यावे आणि पत्ता मात्र जपून ठेवावा. हे तारतम्य सांभाळले तरच एखाद्या सकाळी त्या दगडाळ माळावरून जाणाऱ्या वाटसरूला पायाखाली नुसते खडेच दिसतील, आणि त्या खड्यांतले काही जिवंत असतील.